धूर गेल्यावरचा आकडा

आंजर्ल्याच्या शाळेच्या गच्चीवर
टाकीच्या सावलीत एक पांढरी पेटी आहे.
नळीतून ती हवा ओढते
आणि तासातासाला सांगते
अब्ज रेणूंत ओझोनचे किती.
तो आकडा वहीत उतरवायचे
मला महिन्याला अठराशे रुपये मिळतात.

मुलं विचारतात, बाई, ओझोन तर वर असतो ना?
पुस्तकात आहे, छत्रीसारखा.
असतो. वर राखण करतो.
खाली भेटला की तोच घसा खरवडतो.
मीठ आमटीत हवं, जखमेत नको,
एवढंच सांगते आणि घंटा होते.

शिमग्याच्या आधीच्या मंगळवारी सडा पेटला.
आधी गवत, मग करवंदीच्या जाळ्या,
मग पातेऱ्यातून सरपटत
रेवाळ्यांच्या काजूची खालची अख्खी ओळ.
बायामाणसं ओले टहाळे घेऊन झोडत होती.
कुणी लावला, ते सगळ्यांना माहीत होतं.
धाकू रेवाळे राखेत उभा राहून म्हणाला,
"आग काय इचारून येतं व्हय?"
आणि स्वतःच्या हातांकडे त्यानं बघितलं नाही.

दुपारी सूर्य ढब्बू पैशासारखा,
नुसत्या डोळ्यांनी बघून घ्यावा असा.
अकराला येणारा खारा वारा दीडला आला.
जमीनच तापली नव्हती,
त्याला बोलावणार कोण?
फळा दिसेना, शाळा सोडून दिली.
पेटी म्हणाली: एकवीस.

काल चौतीस होते.
मी नळी पुसली, पुन्हा लावली.
एकवीस.
दापोलीचे साहेब फोनवर हसले.
एवढ्या जाड धुरात ऊन पोचत नाही, बाई,
आणि उन्हाशिवाय तो शिजत नाही.
थांबा जरा.

रात्री मतलई सुटली.
धूर सडा उतरला, माडांमधून वाकून
जोग नदीच्या मुखावरून समुद्रावर गेला.
शरफुद्दीन होडेकर तेव्हा जाळी टाकून बसला होता.
त्यानं नंतर सांगितलं,
पाण्यावर कंबरेएवढा पट्टा होता,
धुक्यासारखा, पण कोरडा.
बंदरावरचा दिवा त्यातून
कुणीतरी ओढत असलेल्या बिडीएवढा दिसत होता.
त्याच्या पोराला भाजलेल्या काजूचा वास आला
आणि भूक लागली.

बुधवार मळका.
गुरुवारी आभाळ लख्ख,
खळ्याखळ्यांत पोह्याचे पापड पडले,
दोरीवर पांढरे कपडे.
गेला एकदाचा, म्हणाले सगळे.
अकराच्या ठोक्याला खारा वारा आला,
गार, ओळखीचा,
रात्री नेलेलं परत घेऊन:
बिनसावलीच्या पाण्यावर
दिवसभर उन्हात मुरवलेलं,
रंग गेलेलं,
वास गेलेलं.

दोन वाजता पेटी म्हणाली: एक्क्याऐंशी.

गच्चीवरून खाली बघितलं.
मैदानात आट्यापाट्या रंगल्या होत्या.
सानियाचा डाव नव्हता.
ती कठड्याला टेकून
खांदे वर ओढत श्वास घेत होती,
विहिरीतून कळशी ओढावी तसा.
मी तिला आत नेऊन बसवलं.
विचारलं तर म्हणाली, धूर कुठेय बाई,
धूर तर नाही.

आठवड्यानं उशिराच्या वालावर
बारीक तपकिरी ठिपके उठले,
शिरा सोडून, मधल्या मधल्या जागेत,
जणू कुणी सुईनं मोजत गेलंय.
धाकूची बायको म्हणाली, कीड.
त्यांनी फवारा मारला.

मग एका संध्याकाळी धाकू स्वतःच जिना चढून आला.
चप्पल खाली काढून.
पेटीभोवती एक फेरी मारली, हात लावला नाही.
म्हणाला, "बाय, ह्या वहीत
माजा नाव लिवलाय काय गं?"

मी पान उघडून त्याच्यापुढे धरलं.
नावाचा रकानाच नाही त्यात.
तारीख, वेळ, आकडा, शेरा.
त्याला वाचता येत नव्हतं, तरी तो बराच वेळ बघत राहिला.
गुरुवारच्या एक्क्याऐंशीसमोर,
शेऱ्याच्या रकान्यात,
माझ्याच अक्षरात होतं:
आभाळ निरभ्र.